अभयारण्य जवळ असताना सीवूड्सचा तलाव फ्लेमिंगोंना कशाला हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नुकतेच नवी मुंबईत सीवूड्सला राहायला आलात. डीपीएस शाळेमागच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला गेलात तेव्हा एकदा तलाव गुलाबी दिसला, पुढच्या खेपेला एकही पक्षी नव्हता. ठाणे खाडीत त्यांच्यासाठी एवढं मोठं अभयारण्य असताना या तीसेक एकरांच्या तलावासाठी लोक इतके हट्टाला का पेटलेत, आणि तलाव नाही राहिला तर पक्षी खाडीत जातीलच की, असं तुम्ही विचारता.

नाही जाणार. कारण ज्या वेळी ते तलावावर येतात, नेमक्या त्याच वेळी खाडीत त्यांना पाय टेकायला जागा नसते. तुम्हाला एकदा पक्षी दिसले आणि एकदा दिसले नाहीत, त्याचंही बहुतेक हेच कारण: भरती आणि ओहोटी.

फ्लेमिंगो चिखलात जेवतो. ओहोटीला खाडीचं पाणी मागे सरतं आणि तिवरांच्या पुढे लांबच लांब चिखल उघडा पडतो. त्यावर शेवाळाचा अगदी पातळ थर असतो. छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, मुख्यतः त्यावरच जगतो. मोठा रोहित, ग्रेटर, चिखलातले बारीक कोळंबीवर्गीय जीव, अळ्या, लहान शिंपले खातो. दुर्बिणीतून एखाद्यावर नजर ठेवून बसा. मान खाली जाते, डोकं पुरतं उलटं होतं, वरची चोच खाली आणि खालची वर. जाड जीभ मागेपुढे हलते, पाणी आत ओढलं जातं, चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर फेकलं जातं आणि खाणं आत राहतं. हे तासन् तास चालतं. त्यांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. कळपात राखाडी, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, ती पिल्लं आहेत. त्यांना रंग चढायला काही वर्षं लागतात.

मग भरती लागते. उधाणाला आपल्याकडे पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. चिखलाचे पट्टे दिसेनासे होतात, पाणी थेट तिवरांच्या बुंध्याला लागतं. फ्लेमिंगोला पोहता येतं, पण असे तासन् तास तरंगत राहणं हा काही त्याचा विसावा नव्हे. झाडावर तो बसत नाही. त्याला गुडघाभर उथळ पाणी लागतं, चारी बाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे आणि उडताना धाव घ्यायला वाव पाहिजे. खाडीलगत असं पाणी आता मोजक्या ठिकाणी उरलं आहे: डीपीएसचा तलाव, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळची तळी, पलीकडे भांडुप उदंचन केंद्राजवळची (पंपिंग स्टेशनजवळची) जागा. भरतीचे ते काही तास हे पक्षी तिथे उभे राहतात, पिसं साफ करतात, एका पायावर झोपतात आणि पाणी उतरलं की रांगा धरून परत खाडीकडे निघतात.

म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आहे आणि तलाव हा बिछाना.

अभयारण्याचा नकाशा पाहिलात तर अडचण लगेच लक्षात येईल. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, सुमारे 1,690 हेक्टरचं, ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही मान्यता, मिळाली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. हे फार चांगलं झालं. पण नेरुळ-सीवूड्सचे तलाव या हद्दीच्या बाहेर राहिले. आपण ओहोटीची जागा राखली आणि भरतीची जागा उघड्यावर सोडली. पक्ष्याला दोन्ही लागतात, आणि एकाच दिवसात दोन-दोनदा लागतात.

आता तुमच्या फेऱ्यांबद्दल. सारसोळ्याच्या एका कोळी काकांनी मला जो हिशोब शिकवला तोच सांगतो, कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे, आणि खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, चिखल सगळा बुडत नाही, म्हणून तलावावर गर्दीही कमी. पौर्णिमा किंवा अमावास्येला, त्याच्या पुढेमागे एक-दोन दिवस, दुपारी बाराच्या सुमारास गेलात तर पक्षी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. ऊन असतं, पण वेळ तीच. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत. त्यानंतर ते गुजरातकडे जातात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, तिथे चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर एकच अंडं घालतात.

पण या वेळेला जाऊनही तलाव रिकामा दिसला, तर मात्र पक्ष्यांकडे बघू नका, पाण्याच्या वाटेकडे बघा.

डीपीएसचा तलाव पावसाच्या पाण्यावर जगत नाही, भरतीच्या पाण्यावर जगतो. खाडीकडून नाल्या आणि पाइप आहेत, त्यातून पाणी आत येतं आणि ओहोटीला काही परत जातं. ही ये-जा चालू असली की पाणी उथळ आणि वाहतं राहतं. एखादा भराव पडला, रस्त्याचं काम निघालं, किंवा पाइपाच्या तोंडाशी गाळ आणि प्लॅस्टिक साचलं, की तलाव दोनपैकी एका मार्गाने मरतो. एकतर आटतो आणि तळाला भेगा पडतात, नाहीतर पाणी साचून हिरवी जाड साय धरते. वरून बघणाऱ्याला दुसऱ्या प्रकारात तलाव "भरलेला" दिसतो. फ्लेमिंगोला तो कामाचा नसतो. म्हणून मी तलावावर गेलो की आधी पाइपाच्या तोंडाशी जातो. भरतीच्या वेळी पाणी आत वाहताना दिसलं, त्याचा आवाज आला, काठाच्या ओल्या चिखलात निवटे, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसले, तर तलाव जिवंत आहे. पाण्यावर पान टाकावं आणि ते जागचं हलू नये, तर काहीतरी तुंबलं आहे.

2024 च्या उन्हाळ्यात हेच झालं. पाण्याची वाट तुंबली, तलाव कोरडा पडत गेला, आसरा न मिळालेले पक्षी भलतीकडे उतरू लागले. आपल्या भागात फ्लेमिंगो जखमी सापडले, काही मेले. 2024 च्या सुरुवातीला नेरुळ जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकावर आदळूनही पक्षी मेले होते, नंतर तो फलक काढला गेला. त्याच वर्षी 20 मे च्या रात्री घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि 39 फ्लेमिंगोंची कलेवरं सापडली. तो थवा त्या वाटेने का उडत होता यावर जाणकारांची वेगवेगळी मतं आहेत, आणि त्या अपघाताचं खापर एका तलावावर फोडणं बरोबर नाही. पण भरतीच्या वेळी उतरायला जागा कमी पडल्या की पक्षी हवेत जास्त वेळ काढतात, एवढं तर साध्या विचारानेही कळतं.

विमानतळाचा मुद्दाही लोक उलटा मांडतात, म्हणून इथे सांगून टाकतो. नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, आता पाणथळी बुजवल्या तर पक्षी दूर जातील आणि विमानं सुरक्षित राहतील, असं ऐकू येतं. खाडीचं खाणं तर आहे तिथेच राहणार आहे. खाणं आहे तोवर पक्षी येणारच. ठरलेला तलाव मिळाला नाही तर ते दुसरं मोकळं पाणी शोधत फिरतील, आणि ते कुठे सापडेल हे आपण ठरवू शकणार नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी उतरणारा थवा विमानांसाठीही कमी धोक्याचा. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) अभ्यासकांनीही हेच मांडलं आहे.

एक गोष्ट पक्षिप्रेमींना थोडी खटकेल. फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं नाही. 1990 च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि त्याचं एक कारण आपलंच सांडपाणी आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मैला खाडीत येतो, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणीही याच खाडीत येत आलं आहे. आपण घाण केलेल्या ताटात हे पक्षी जेवतात. त्याच खाडीत आपल्या कोळीवाड्यांची जाळी पडतात, आणि पूर्वीसारखा जिताडा मासा आता मिळत नाही हे कुठलाही कोळी सांगेल. फ्लेमिंगोचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

आणि फक्त पक्ष्यांपुरतं बोलायचं नसेल, तर आपल्या पायाखाली बघा. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून उभा राहिला आहे. पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाण्याला पसरायला जागा लागते. अशा पाणथळी ती जागा देतात. एनआरआयजवळच्या पाणथळीवरच्या गोल्फ कोर्स आणि इमारतींच्या प्रकल्पाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये निकाल दिला, पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली. हा लोकांच्या चिकाटीचा मोठा विजय आहे. पण कागदावर तलाव राखला तरी पाइप कागदाने मोकळा होत नाही. तो कोणीतरी जाऊन पाहावा लागतो, आणि तलाव तुमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

तिथे गेल्यावर ड्रोन उडवू नका, कोणी उडवत असेल तर थांबवा. फोटोसाठी चिखलात उतरून थवा उडवणारेही असतात. आपल्याला ते दृश्य देखणं वाटतं, पण पाण्यावर धावत धावत उठायला त्या पक्ष्याची बरीच ताकद जाते, आणि हंगामाच्या शेवटी त्याला शेकडो किलोमीटर उडायचं असतं. कुत्रा सोबत असेल तर साखळी सोडू नका. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकायची जी सवय बोटींवर आणि खाडीकाठी पडली आहे, ती इथे आणू नका.

जखमी फ्लेमिंगो दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तोवर त्याच्यावर सुती कापड टाका, पाय दुमडू न देता मोठ्या हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका.

पाण्याची वाट तुंबलेली दिसली तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या पाणथळ तक्रार समितीकडे लेखी तक्रार करा, कोकण भवन बेलापूरलाच आहे. फोटो ओहोटीला काढून उपयोग नाही, तेव्हा पाइप कोरडाच असतो. पूर्ण भरतीला काढा, पाइपाच्या दोन्ही तोंडांचे, आणि त्या दिवसाची तारीख व भरतीची वेळ अर्जात लिहा. खाडीकडच्या तोंडाशी पाणी चढलेलं आणि तलावाकडच्या तोंडाशी थेंब नाही, असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले की अधिकाऱ्याला "ऋतूमुळे पाणी कमी आहे" असं म्हणता येत नाही.