‘लवचीक’ नव्हे, ‘चिवट’

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासातून गावकारभाराला काय शिकता येईल, अशा एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यातल्या ‘रेझिलियंट लोकल सेल्फ-गव्हर्नमेंट’साठी ‘लवचीक स्थानिक स्वशासन’ लिहिलं, पण मन मानत नाही. ‘टाउन मीटिंग’ला, म्हणजे गावानं एकत्र जमून कारभार ठरवण्याच्या सभेला, ‘शहरसभा’ म्हणावं की ‘ग्रामसभा’? आणि गावाचा कारभार पाहायला निवडलेल्या ‘सिलेक्टमन’ला ‘पंच’ चालेल का? सोबत ‘अ‍ॅडजर्न’, ‘पाउंड’ अशा आणखी काही शब्दांची यादी जोडली आहे.

‘स्वशासन’चं आधी उरकतो. ते हिंदीच्या वळणाचं आहे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपननं १८८२ साली ज्याचा ठराव केला, त्याला मराठीत ‘स्थानिक स्वराज्य’ म्हणतात. नळपट्टी गोळा करणाऱ्या कचेरीलाही आपण स्वराज्य संस्था म्हणतो. हा मराठीचा दिलदारपणा की भाबडेपणा ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण शब्द रुळलेला आहे, तोच ठेवा.

मन मानत नाही ते ‘लवचीक’मुळे. ‘रेझिलियंट’ म्हणजे घाव सोसूनही टिकून राहणारं. वेताची छडी लवचीक असते. दाबली की वाकते, सोडली की सरळ होते. पण सरकारी कागदांनी या शब्दाची पार रया घालवली आहे. ‘लवचीक धोरण’ म्हटलं की कुणाच्या तरी सोयीनं वाकवता येणारं धोरण, असंच डोळ्यांपुढे येतं. तुमच्या लेखातली गावं तशी वाकली का, हे पाहिल्याशिवाय शब्द निवडता येणार नाही, म्हणून थोडा इतिहास.

८ ऑक्टोबर १६३३. मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतल्या डॉर्चेस्टर गावानं ठरवलं की वसाहतीचं ‘कोर्ट’, म्हणजे तिची कारभारी सभा, भरण्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी ८ वाजता नगारा वाजवून सगळ्यांनी जमायचं, गावाच्या हिताचे ठराव करायचे आणि ते सगळ्यांवर बंधनकारक राहतील. कारभार पाहायला १२ माणसं निवडली. हे त्यांना वरून कुणी सांगितलेलं नव्हतं. वसाहतीच्या सरकारनं गावांचे अधिकार कायद्यात लिहिले ते १६३६ मध्ये: जमीन वाटणं, नियम करणं, दंड बसवणं, आपले हवालदार आणि रस्त्यांचे देखरेखवाले निवडणं. आधी सभा, मग कायदा, हा क्रम लक्षात ठेवा. ‘ग्रामसभा’ इथेच अडते.

आपली ग्रामसभा कायद्यानं आणली. गावातले सगळे मतदार तिचे सभासद असले, तरी रोजच्या बोलण्यात ती ‘ग्रामपंचायतीची’ सभा असते. सरपंच बोलावतो, ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) वाचून दाखवतो. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि तिच्या शेजारच्या वसाहतींत, सभा हेच सरकार होतं, आणि कारभारी तिचे. म्हणून मी ‘गावसभा’ म्हणेन. फरक दोन अक्षरांचाच, पण वाचकाच्या डोक्यात १५ ऑगस्टची सतरंजी अंथरली जात नाही.

‘शहरसभा’ तर मुळीच नको. तिथे ‘टाउन’ आणि ‘सिटी’ हे कारभाराचे दोन वेगळे प्रकार आहेत, आकाराशी त्यांचा फारसा संबंध नाही. बॉस्टन १८२२ साली ‘सिटी’ झालं आणि तिथली टाउन मीटिंग संपली. उलट त्याला चिकटून असलेलं ब्रुकलाइन ६० हजारांवर वस्ती असूनही आजही ‘टाउन’च आहे.

आता ‘सिलेक्टमन’. पंच म्हटलं की तंटा आला, आणि हे लोक तंटे तोडायला नव्हते. कुंपणं, रस्ते, मोकाट डुकरं, गरिबांची सोय, सभेची नोटीस हे त्यांचं काम. शब्द हाताशी आहे: ‘कारभारी’. अलीकडे अनेक गावांनी ‘मन’ काढून ‘सिलेक्ट बोर्ड’ असं नाव केलं आहे, त्यामुळे ‘कारभारी मंडळ’ दोन्हीकडे बसेल. डॉर्चेस्टरचे १२ पाहून ‘बारभाई’ लिहायचा मोह मलाही झाला. राघोबादादांविरुद्ध पुण्यात बारभाई एकवटले ते १७७४ साली, आणि तुमच्या लेखातलं महत्त्वाचं सालही नेमकं तेच. पण ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे आता नुसता गोंधळ. हसं होईल.

तर १७७४. बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून लंडनच्या पार्लमेंटनं जे कायदे केले, त्यातल्या एकानं टाउन मीटिंगवरच घाव घातला. पदाधिकारी आणि प्रतिनिधी निवडण्याच्या ठरलेल्या वार्षिक सभा सोडून, गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय सभा बोलवायची नाही. जनरल गेज तेव्हा गव्हर्नर होता. ऑगस्टमध्ये त्यानं बॉस्टनच्या कारभाऱ्यांना बोलावून ही मनाई ऐकवली. त्यांनी शांतपणे सांगितलं की नवी सभा बोलवायची आम्हाला गरजच नाही, जुनीच तहकूब करून ठेवली आहे, ती चालू आहे. अशानं तुम्ही सभा दहा वर्षंसुद्धा जिवंत ठेवाल, असं गेज म्हणाला. बरोबरच होतं त्याचं! त्याच महिन्याच्या २४ तारखेला मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम गावात परवानगी नसताना सभा भरली. गेजनं सैनिक पाठवले, ते पोचेपर्यंत लोकांनी प्रतिनिधी निवडून सभा उरकलीही होती.

‘अ‍ॅडजर्न’ला ‘तहकूब’ हाच शब्द आहे, बदलू नका. मात्र त्याला आपल्याकडे निराळा वास आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे ‘तहकूब सभा’ म्हटलं की चारदोन डोकी आणि सह्यांचं रजिस्टर आठवतं. बॉस्टनच्या तहकुबीनं सभा जिवंत ठेवली. वाक्यात ‘सभा न संपवता तहकूब ठेवली’ एवढं घाला, म्हणजे वाचक चुकणार नाही.

आता सांगा, ही माणसं लवचीक की चिवट? कायद्याच्या शब्दातून वाट काढली हे खरं, पण सभा सोडली नाही. शेतकऱ्याला विचारलंत तर तो हरळी दाखवेल. वरून कापली तरी पेर राहिलं की तिथून पुन्हा मुळं धरते. १७७२ पासून बॉस्टनच्या सभेनं पत्रव्यवहार समिती नेमून गावोगावच्या सभांशी संधान बांधलं होतं, म्हणजे एक पेर उपटून भागणार नव्हतं. ‘चिवट’ हट्टी आजारालाही म्हणतात, मांसालाही म्हणतात, पण गेजच्या बाजूनं पाहिलं तर तोही अर्थ चुकीचा नाही. क्रियापद हवं तिथे ‘तग धरणं’ घ्या. ‘काटक’ माणसाला शोभतं, संस्थेला नाही.

पुढे या चिवटपणाचा चटका खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनलाही बसला. १८०७ च्या त्याच्या व्यापारबंदीविरुद्ध न्यू इंग्लंडच्या गावसभांनी इतका जोर लावला की सरकारचा पाया हलल्यासारखं वाटलं, हे त्यानं १८१६ च्या पत्रात कबूल केलं. आणि त्याच पत्रात, आपल्या व्हर्जिनियातही अशीच छोटी छोटी प्रजासत्ताकं हवीत, असा आग्रह धरला. हरलेल्याचा दाखला जास्त वजनदार.

‘सगळे गावकरी’ हा शब्द मात्र जपून वापरा. बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, आणि ज्यांच्या भूमीवर ही गावं वसली त्या मूळ रहिवाशांचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय गावच्या पडीक आणि सामाईक जमिनीवर हक्क असलेले ‘प्रोप्रायटर’ वेगळे, नंतर येऊन राहिलेले वेगळे. पुढे पुढे दोघांच्या सभाही निराळ्या भरू लागल्या. ‘मालक’ लिहिलंत तर हे सगळं हरवेल. आपल्याकडे मिरासदार (वंशपरंपरेनं जमिनीचा हक्क असलेले) आणि उपरी (बाहेरून येऊन राहिलेले) हा भेद होताच, तेव्हा ‘मिरासदार’ लिहा. गोव्याच्या वाचकासाठी ‘गावकार’ म्हटलंत तर त्याला एका शब्दात कळेल.

राहिला तुमच्या यादीतला शेवटचा शब्द, ‘पाउंड’. मोकाट जनावरं पकडून ठेवायची ती जागा. तिथे ‘पशुबंदीगृह’ लिहिलंय ते खोडा. कोंडवाडा म्हणतात त्याला.