बदकाची पिल्लं कवचातच का गेली? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. जुलैमध्ये पहिल्यांदाच बदकाची अंडी घरी उबवायला ठेवली, खाकी कॅम्पबेलची १२ अंडी, ओळखीच्यांकडून आणलेली. छोटा फॅनवाला इन्क्युबेटर घेतला, टेम्परेचर ३७.५ वर ठेवलं, दिवसातून पाच वेळा अंडी फिरवली. बदक म्हणजे पाण्यातला पक्षी, त्याला दमटपणा जास्त लागतो असं एकाने सांगितलं म्हणून पाण्याच्या दोन्ही खाचा पहिल्या दिवसापासून भरलेल्या ठेवल्या, मीटर ७२-७५ दाखवायचा. ७ व्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तर २ कोरी (आत जीव न धरलेली) निघाली, ती काढली. २८ व्या दिवशी ३ पिल्लं बाहेर आली. चौथ्याने भोक पाडलं आणि तसंच पडून राहिलं, ८-९ तास काहीच नाही, नुसतं आतून चीं चीं, मुलगी रडायला लागली म्हणून मी चिमट्याने कवच सोलायला घेतलं तर रक्त आलं आणि थोड्या वेळात ते गेलं. उरलेली ६ दोन दिवस थांबून फोडली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, चोच, लव सगळं होतं, पण चिकट पाण्यात. फार वाईट वाटलंय. काय चुकलं माझं? परत ठेवायची हिंमत होत नाहीये.

उत्तर : ताई, पहिल्यांदा हे सांगते की टेम्परेचर, फिरवणं, टॉर्च सगळं तुम्ही नीट केलंत, नाहीतर १० अंडी शेवटपर्यंत वाढलीच नसती. चुकलं ते पाण्याचं आणि मग घाईचं, आणि दोन्ही पुढच्या वेळी सुधारता येतं.

पाण्याचं बघा. अंडं उबताना त्यातलं पाणी कवचातून थोडं थोडं उडून जावं लागतं, तेवढी जागा रिकामी होते आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. शेवटी पिल्लू आतला पडदा फोडून पहिला श्वास घेतं तो त्या पोकळीतल्या हवेचा. तुमच्याकडे पाणी उडालंच नाही, पोकळी लहान राहिली, पिल्लं पाण्याने फुगली आणि वळायला जागा नाही, म्हणून ती ६ आतच गेली असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतंय. बदकाच्या अंड्याला कोंबडीपेक्षा दमटपणा जरा जास्त लागतो हे खरं, पण तो ५५ ते ६० टक्के, तोही २५ व्या दिवसापर्यंत. ७० च्या वर न्यायचा तो फक्त शेवटचे तीन दिवस.

आता कोकणातला पाऊस धरा. बाहेर २८ डिग्रीला ८५ टक्के दमट असलेली हवा इन्क्युबेटरमध्ये ३७.५ ला तापली की साधारण ५० टक्क्यांवर येते, म्हणजे एक थेंब पाणी न घालता तुम्ही जवळपास तिथे पोचलेल्या असता! एखादी छोटी वाटी पुरे, दोन खाचा भरायचं कामच नव्हतं. हेच कोणी सोलापूरला एप्रिलमध्ये करत असेल तर त्याला दोन्ही खाचा भरूनही कमी पडेल, म्हणून दुसऱ्याचा अंदाज आपल्या घरी चालत नाही.

मीटरवर पण पूर्ण विश्वास ठेवू नका, वजन करा. किचनमधला डिजिटल काटा चालतो. अंड्यावर पेन्सिलने नंबर घाला, ठेवताना वजन लिहा आणि दर आठवड्याला परत करा. २५ व्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं ६१ च्या आसपास यायला हवं. कमी घटत असेल तर पाणी काढा, जास्त घटत असेल तर वाढवा, एवढं सोपं आहे ते.

आता त्या चौथ्या पिल्लाबद्दल, कारण तेच तुम्हाला जास्त लागलंय हे कळतंय. भोक पाडल्यावर पिल्लू शांत बसतं ते अडकलं म्हणून नाही, त्याचं आत काम चालू असतं. फुप्फुसं नुकती सुरू झालेली असतात, पडद्यावरच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो. बदकाला भोकापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. ८-९ तासांना त्या शिरा भरलेल्याच असतात, म्हणून रक्त आलं. माझ्या पहिल्या खेपेला मी पण असंच एक घालवलंय, दहाव्या तासाला हात घातला होता, अजून आठवतं. आता नियम केलाय की २५ व्या दिवशी फिरवणं बंद, पाणी वाढवायचं, झाकण लावायचं आणि उघडायचंच नाही, कारण झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते आणि भोक पडलेल्या अंड्याचा पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. ३६ तासांच्या पुढे गेलं, भोक वाढत नाही आणि पडदा पिवळट-तपकिरी, कातड्यासारखा दिसतोय तरच कोमट पाण्याने पडदा ओला करून हवेच्या पोकळीकडचं कवच जरासं काढायचं, आणि रक्ताचा ठिपका दिसला की लगेच थांबून परत आत ठेवायचं.

लाईट जाते तुमच्याकडे, तेव्हाही उघडू नका. वरून चादर टाका पण हवेची भोकं मोकळी ठेवा, एक-दोन तासांनी सहसा काही होत नाही.

आणि परत ठेवा हो. आधी वजनाचा कागद करा आणि मग ठेवा.

प्रश्न : इन्क्युबेटर न घेता खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर चालतात का? (सावंतवाडी)

उत्तर : चालतात, आणि माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्याने तेच करावं. खाकी कॅम्पबेल स्वतः सहसा बसत नाही, अंड्यांसाठीच वाढवलेली जात आहे ती. कोंबडी चांगली मोठी गावठी घ्या, ८-१० अंडी पुरेत. फक्त एक लक्षात ठेवा, तिची सवय २१ दिवसांची आणि इथे २८ दिवस बसायचंय, म्हणून रोज दाणा-पाण्याला तिला उठवा, नाहीतर बिचारी सुकते. नुकतीच खुडूक झालेली निवडा, दहा दिवस आधीच बसलेली नको. लाल गाठी असलेल्या तोंडाची मस्कोव्ही बदकं असतील तर ३५ दिवस लागतात आणि ती स्वतःच उत्तम बसतात, त्यांना कोंबडी कशाला?

प्रश्न : पिल्लं दोन दिवसांची आहेत, टबात पोहायला सोडू का? खायला कोंबडीचं स्टार्टर दिलं तर चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : टब नको. आईखाली वाढलेल्या पिल्लांच्या लवेला तिच्या पिसांचं तेल लागतं, इन्क्युबेटरमधल्यांना ते नसतं, ती भिजतात आणि गारठून मरतात. पाणी मात्र चोच आणि नाक बुडेल एवढं खोल लागतंच, पण पिल्लू आत शिरू नये म्हणून त्यात खडे टाकून ठेवा. पहिला आठवडा बल्बखाली ३२-३४ डिग्री, मग दर आठवड्याला तीन-तीन कमी.

स्टार्टर चालतं, पण औषध नसलेलं बघून घ्या आणि ओलसर करून द्या. बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक बी जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकतात, म्हणून वरून ब्रुअर्स यीस्ट थोडं भुरभुरा. आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात देऊ नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने लाखावर टर्की मेल्या, बदकांची पिल्लं पण गेली, अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं ते त्यातूनच, आणि बदकाचं पिल्लू त्याला फार लवकर बळी पडतं. पावसाळ्यात पोतं उघडलं की आधी वास घ्या, जरा जरी कुबट वाटलं तर टाकून द्या, दुसऱ्या जनावरालाही घालू नका.