राजकारणातले ‘डावे’ आणि ‘उजवे’

परळच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे, की मराठीत ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणजे सरस, तर एखाद्या विचारसरणीला ‘उजवी’ म्हणताना आपण नकळत तिला मोठेपणा देतो का?

अर्थाच्या दृष्टीने तसे नाही. ही जोडी फ्रान्समधली. १७८९ च्या राष्ट्रीय सभेत राजाचे अधिकार राखू पाहणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि त्यांना कात्री लावू पाहणारे डाव्या हाताला बसू लागले, आणि बसण्याच्या जागेचे नाव विचारांना चिकटले.

शंका मात्र रास्त आहे, कारण मराठीत ‘उजव्या’चे पारडे मुळातच जड आहे. जुन्या मराठीतला ‘उजू’ म्हणजे सरळ. ‘उजवा’ त्याच कुळातला. उलट ‘डावलणे’ हे ‘डावा’वरून आले. तरी जेवणाचे पान पाहा: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. तिथे डावी बाजू कमी प्रतीची नसते, ती फक्त जागा असते. राजकीय अर्थ या वापराच्या जवळचा आहे.

हिंदीतला ‘वामपंथी’ मराठीत रुळला नाही, हे मला फार बरे वाटते. आपल्याकडे ‘वाममार्ग’ म्हटले की गैरमार्गाने मिळवलेला पैसाच आठवतो. गिरणगावात तर ‘डावे’ हा शब्द वर्तमानपत्रातला; बोलण्यात ‘लाल बावटेवाले’. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या काळात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियनही लाल बावट्याची म्हणूनच ओळखली गेली.

लिहिताना ‘तो उमेदवार उजवा आहे’ असे वाक्य टाळावे, कारण त्यातून तो सरस आहे असाही बोध होतो. ‘उजव्या विचारांचा’ म्हणावे. ‘डाव्यांनी सभात्याग केला’ हे नाम मात्र पक्के रुळलेले आहे. ‘डावा’ला ‘जहाल’ हा पर्याय म्हणून वापरणे चूक आहे, कारण १९०७ मध्ये सुरतेला जहाल आणि मवाळ वेगळे झाले ते मुख्यतः स्वराज्य कोणत्या मार्गाने आणि किती वेगाने मिळवायचे या प्रश्नावर. संपत्तीची वाटणी कशी व्हावी, हा त्यांच्या भांडणाचा विषय नव्हता, आणि म्हणून एखादा डावा पुरता मवाळही असू शकतो.