हळद डब्यातली आणि हळद कॅप्सूलमधली

प्रश्न : माझे वय ५८ असून गेली चार वर्षे मला आमवाताचा त्रास आहे. तज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिड दिले आहे, त्यामुळे बोटांची सूज आटोक्यात आहे. मात्र ही गोळी यकृताला घातक असते असे ऐकल्यापासून मन धास्तावले आहे. माझ्या जाऊबाईंनी मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल आणि सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा घेण्यास सांगितले आहे. दोन्ही नैसर्गिक असल्याने ही गोळी हळूहळू बंद करता येईल का?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि गुळवेलीचा काढा तर सुरूच करू नका. हळदीविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण स्वयंपाकघरातील हळद आणि कॅप्सूलमधील हळद यांत फार मोठे अंतर आहे.

सूज कमी करण्याचा हळदीचा जो गुण सांगितला जातो, तो मुख्यत्वे कर्क्युमिन या घटकाचा. ओट्यावरचा न निघणारा पिवळा डागही त्याचाच. साध्या हळदपुडीत त्याचे प्रमाण साधारण ३ टक्के असते. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ३ ग्रॅम हळद मावते, म्हणजे कर्क्युमिन जेमतेम ९० मिलिग्रॅम. गुडघेदुखीवरील चाचण्यांत रोज ५०० ते १५०० मिलिग्रॅम दिले जाते. ते पुडीतून मिळवायचे तर दिवसाला सहा ते सतरा चमचे हळद खावी लागेल. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद कर्क्युमिनसाठी नावाजलेली आहे, पण ती आणली तरी हा हिशेब फार तर निम्म्यावर येईल. शिवाय कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे थोडे शोषले जाते त्याचा यकृत लगेच निकाल लावते. तेव्हा फोडणीतली हळद आणि रात्रीचे हळदीचे दूध खुशाल चालू ठेवा. ते अन्न आहे. त्यावर आमवात हटणार नाही आणि त्याने तुमच्या उपचारात विघ्नही येणार नाही.

कॅप्सूलमध्ये मिरी येते ती याच अडचणीवर उपाय म्हणून. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतील पायपरीन केवळ २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीसपट वाढले. जाहिरातीत हा आकडा हमखास असतो. पायपरीन हे साधते ते आतडे आणि यकृतातील औषधे निकाली काढणारी यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा हळदीपुरती मंदावत नाही, हे मात्र जाहिरातीत नसते. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल अशा औषधांची रक्तातील पातळीही पायपरीनमुळे वाढते. त्यातच अशा सहज शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांना कावीळ झाल्याची नोंद इटलीसह अनेक देशांत झाली आहे. मेथोट्रेक्झेट चालू असताना यकृतावर हा दुसरा भार कशाला घालायचा?

गुळवेलीचे कारण याहून सरळ आहे. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटलेली असते, आणि गुळवेल घेतली जाते ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. म्हणजे पेटत्या चुलीत फुंकर घालण्यासारखेच झाले. करोनाच्या काळात घरोघरी हे काढे उकळले गेले आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दिसायला सारखी दुसरीच वेल वापरली गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. तो वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती हे तुम्ही किंवा मी कसे ठरवणार?

तुमची भीती निराधार नाही. मेथोट्रेक्झेटचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि म्हणूनच ठरावीक काळाने रक्ततपासणी करून मात्रा कमी-अधिक केली जाते. शेवटची तपासणी कधी झाली ते पाहा आणि अहवाल घेऊन तज्ज्ञांना भेटा. उलट, गोळी सोडल्यावर सूज परतली आणि सांध्याचे हाड झिजले, तर ते पुन्हा भरून येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगतो. गोळ्यांची पाकिटे आधी टेबलावर येतात आणि ‘हे काय, साधंच आहे’ असे म्हणत लेबल नसलेली काढ्याची बाटली सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांसाठी शल्लकीच्या गोळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : शल्लकी म्हणजे तुमच्या सातपुड्यातलीच साळई, तिच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात. नागपूर येथील ३० रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आठ आठवड्यांत वेदना कमी झाल्या आणि चालणे वाढले. एक्स-रेमध्ये मात्र बदल दिसला नाही. चाचणी लहान होती, तरी करून पाहण्याइतका आधार तिने नक्कीच दिला आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. बाकी प्रकृती ठीक असेल तर दोन महिने घेऊन पाहा, आणि जिना चढताना फरक जाणवला नाही तर पुढची बाटली आणू नका.