मुद्रांक, स्टॅम्प की तिकीट? जुन्या दस्तांच्या सूचीसाठी शब्द

अमळनेरच्या एका संग्राहकांचा प्रश्न असा आहे : "मी जुनी खरेदीखते, गहाणखते आणि कापसाच्या आडतीच्या पावत्या जमवतो. त्यांची मराठीत सूची करायला घेतली आहे. या सगळ्यांना 'मुद्रांकित दस्तऐवज' म्हटले तर चालेल का? कागदांमध्ये मात्र 'स्टांप' आणि 'तिकीट' हेच शब्द दिसतात. यांतला शुद्ध शब्द कोणता?"

तिन्ही शब्द शुद्ध आहेत, पण ते एकाच वस्तूची तीन नावे नाहीत. कागदपत्रांच्या व्यवहारात स्टॅम्प म्हणजे सरकारने किंमत उमटवून विकलेला कागद. तिकीट म्हणजे साध्या कागदावर डकवलेला छापील तुकडा. मुद्रांक हा या दोहोंना पोटात घेणारा, कायद्याच्या मराठीने रुळवलेला शब्द आहे. त्यामुळे 'मुद्रांकित दस्तऐवज' हे संग्रहाच्या मुखपृष्ठावर लिहायला अगदी योग्य आहे, परंतु सूचीतील प्रत्येक नोंदीत तेच लिहिले तर संग्राहकाला जे सांगायचे असते तेच झाकले जाते, म्हणजे कर कागदाच्या रूपाने भरला की तिकिटाच्या रूपाने, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

बोलीत हा भेद आजही पक्का आहे. कोणी "शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दे" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कागद असतो, आणि "पावतीला तिकीट लाव" म्हणतो तेव्हा डकवायचा तुकडा असतो. व्याकरणानेही हा भेद राखला आहे. स्टॅम्प पुल्लिंगी आणि तिकीट नपुंसकलिंगी असल्यामुळे 'दोन रुपयांचा' आणि 'एक आण्याचे' एवढ्या प्रत्ययांवरूनही, पुढचा शब्द फाटून गेला असला तरी, लिहिणाऱ्याच्या समोर काय होते याचा अंदाज बांधता येतो. 'स्टांप' किंवा 'स्ट्यांप' ही लेखने चुकीची समजून सूचीत सुधारू नयेत. 'ब्यांक' आणि 'म्यानेजर' लिहिणाऱ्या काळाची ती रीत होती, आणि उताऱ्यात ती जशीच्या तशी ठेवली पाहिजे.

पावतीच्या संदर्भात 'तिकीट' हा शब्द इतका घट्ट का बसला, याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यानुसार वीस रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीला एक आण्याचे शुल्क होते. १९०६ साली सातव्या एडवर्डचे चित्र असलेली अर्ध्या आण्याची आणि एक आण्याची अशी तिकिटे निघाली, जी टपालालाही चालत आणि महसुलालाही. मग जे तिकीट पत्राला लागे तेच पावतीलाही लागू लागले, आणि टपालातला ओळखीचा शब्द आडतीच्या पेढीवरही सहज चालला.

आता अशी एक पावती जवळून पाहा. वर आडत्याच्या पेढीचे छापील नाव, खाली कापसाचे वजन आणि भाव, शेवटी "रुपये भरून पावलो" अशा अर्थाची ओळ, आणि उजव्या कोपऱ्यात पंचम जॉर्जचे एक आण्याचे तिकीट. मोडीतली सही तिकिटावर सुरू होऊन कागदावर उतरते आणि तिच्याखाली तारीख असते. डकवलेले तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते रद्द केलेच पाहिजे असे कायदा सांगतो, आणि त्यावर नाव किंवा आद्याक्षरे तारखेसह लिहिणे हा रद्द करण्याचा एक मार्ग आहे. म्हणून 'तिकिटावर सही केली' या ओळीत दोन कामे एकत्र आली आहेत : रक्कम पोहोचल्याची कबुली आणि तिकीट रद्द करणे. माझ्या मते सूचीत 'तिकिटावर सही' आणि 'सही तिकिटाबाहेर' असा स्पष्ट उल्लेख असावा. तिकीट पाण्यात भिजवून सोडवून घेण्याची जी सवय काही संग्राहकांना असते ती मला मुळीच मान्य नाही, कारण तसे केले की सही अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे जाते आणि दोन्ही तुकडे मुके होतात.

'मुद्रांक' या शब्दाबाबत मात्र थोडे सावध राहायला हवे. आपल्याकडे मुद्रा ही अधिकाराची खूण होती. शिवकालीन पत्रावर आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, असे, म्हणूनच आपण अजूनही एखाद्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो. इंग्रजी राजवटीतल्या स्टॅम्पचे काम निराळे होते. तो मजकूर खरा असल्याची साक्ष देत नव्हता, केवळ कर भरल्याची खूण होता. जुन्या मुद्रेचा मान नव्या शब्दाला आपोआप चिकटला आणि "स्टॅम्पवर लिहिले म्हणजे पक्के" ही समजूत वाढली. प्रत्यक्षात कायदा एवढेच म्हणतो की पुरेसे शुल्क न भरलेला दस्त, ते शुल्क आणि दंड भरल्याशिवाय, साधारणपणे पुरावा म्हणून स्वीकारला जाणार नाही. त्यामुळे सूचीत 'शिक्का' आणि 'मुद्रांक' यांची सरमिसळ करू नये. स्टॅम्प विक्रेत्याचा शिक्का, दुय्यम निबंधकाच्या कचेरीचा शिक्का आणि कागदावर उमटवलेले मूल्य या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. स्टॅम्प कागदाच्या मागे विक्रेत्याने अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ही तारीख आणि दस्त लिहिल्याची तारीख बरेचदा वेगळ्या असतात, तेव्हा दोन्ही उतरवून घ्याव्यात.

'दस्तऐवज' हाही शब्द फार रुंद आहे. निबंधकाच्या कचेरीत ज्याची नोंद होते तो 'दस्त'. आडतीच्या पावतीला कोणी दस्त म्हणत नाही. शक्य असेल तिथे कागदाने स्वतःला दिलेले नावच वापरावे : कायम खरेदीखत, मुदत खरेदी (ठरल्या मुदतीत परत घेण्याच्या अटीची विक्री), फारखत (हक्क किंवा देणे सोडल्याचा कागद), कबुलायत (कुळाने लिहून दिलेला कबुलीचा कागद). गहाणखताच्या बाबतीत ताबा सावकाराकडे गेला की कर्जदाराकडेच राहिला हे 'ताबेगहाण' आणि 'नजरगहाण' या दोन शब्दांतच सांगितलेले असते, म्हणून नुसते 'गहाण' लिहून थांबू नये. सहीच्या जागी 'निशाणी नांगर', म्हणजे नांगराची खूण, असेल तर तेही शब्दशः घ्यावे. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती सही आहे.

गावाच्या नावासोबतचा जिल्हाही मूळ शब्दांतच ठेवावा. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले, त्यामुळे तारीख पुसलेल्या कागदावर 'जिल्हा पूर्व खानदेश' एवढे वाचता आले तरी तो त्याआधीचा नाही हे ठरते. त्याच्या जागी आजचा 'जळगाव' लिहिला तर हा पुरावा हातचा जातो. सोयगाव-अजिंठा बाजूचा कागद हाती आला तर तो हैदराबाद संस्थानचा असू शकतो, आणि मग तिकीट निजामाचे असेल. तिथे 'निजामाचे तिकीट' असेच लिहावे.

लेखनाचा एक मुद्दा राहिला. सामान्यरूपात 'तिकिटाला', 'तिकिटावर' असा ऱ्हस्व 'कि' हवा, 'तिकीटावर' नको. नोंदी साधारण अशा करता येतील : "आडतीची पावती, मोडी. एक आण्याचे तिकीट, पंचम जॉर्ज. तिकिटावर सही व तारीख. जिल्हा पूर्व खानदेश." आणि, "नजरगहाणखत. दोन रुपयांचा स्टॅम्प, मागे विक्रेत्याचा शेरा. निशाणी नांगर, दोन साक्षी."