तपासणीत तंदुरुस्त ठरलेल्या वैमानिकालाही पासष्टाव्या वर्षी का थांबावे लागते?

आपले वडील एका प्रवासी विमान कंपनीत कमांडर, म्हणजे विमानाचे मुख्य वैमानिक, आहेत, दर सहा महिन्यांची वैद्यकीय तपासणी ते आजही कोणत्याही शेऱ्याविना पार करतात, आणि तरीही पुढल्या वर्षी पासष्टावा वाढदिवस आला की त्यांना प्रवासी विमान उडवता येणार नाही. मग ही तपासणी तरी कशासाठी, आणि हा निव्वळ वयावरून केलेला अन्याय नव्हे काय, असे आपण विचारले आहे. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ विमाने उडवली, त्यांतली शेवटची बरीच वर्षे एअरबस ए-३२० वर कमांडर म्हणून, आणि पासष्ट पूर्ण झाली तेव्हा माझ्याही अहवालात काही उणे नव्हते. घरी बसल्यावरचे पहिले काही महिने मला हाच प्रश्न छळत होता. आज माझे मत असे आहे की वयाची मर्यादा असणे योग्य आहे, मात्र ‘पासष्टीला माणूस विमान चालवण्यास असमर्थ होतो’ हे तिचे कारण नाही, आणि तसे सांगणे हा आपल्या वडिलांसारख्या वैमानिकांचा अवमान आहे.

आधी हा आकडा कुठून आला ते पाहू. मूळ मर्यादा साठ वर्षांची होती आणि ती अमेरिकेत ठरली. १९५९ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांचा साठाव्या वर्षीच्या सक्तीच्या निवृत्तीवरून वैमानिकांच्या संघटनेशी वाद चालू होता. त्याच वर्षी त्यांची कंपनी बोइंग ७०७ ही जेट विमाने सेवेत आणत होती. स्मिथ यांनी तेथील विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख एलवूड केसाडा यांना पत्र लिहून साठ वर्षांची मर्यादा सरकारनेच घालावी अशी विनंती केली. वर्षअखेरीस नियम तयार झाला आणि १५ मार्च १९६० पासून लागू झाला. पुढे अमेरिकी संसदेच्या सांगण्यावरून राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञांनी या नियमाची तपासणी केली. १९८१ च्या त्यांच्या अहवालात साठ या वयाला, किंवा दुसऱ्या कोणत्याही एका वयाला, पटण्याजोगा वैद्यकीय आधार नसल्याचे म्हटले होते. तरीही मर्यादा काढून टाका असे त्यांनी सुचवले नाही, कारण तिच्या जागी ठेवता येईल अशी विश्वासार्ह चाचणी त्यांच्याजवळ नव्हती. या विषयातली खरी अडचण या एका अहवालात आली आहे, असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, नोव्हेंबर २००६ मध्ये मर्यादा पासष्टवर नेली आणि अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये तीच स्वीकारली. आपल्याकडेही प्रवासी विमानांना पासष्टचीच मर्यादा आहे.

आता तपासणीकडे येतो. ट्रेडमिलवर धावताना हृदयाला रक्त कमी पडते आहे का, हे डॉक्टरांना दिसते. परंतु रक्तप्रवाहाला फारसा अडथळा न करणारा धमनीतला चरबीचा एखादा लहानसा थरसुद्धा अचानक फुटून झटका आणू शकतो, आणि तो कोणाचा, कोणत्या दिवशी फुटेल हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना वयोगटाची सरासरी सांगता येते, समोरच्या माणसाचा दिवस सांगता येत नाही. म्हणूनच विमानवैद्यकात ‘एक टक्क्याचा नियम’ नावाचा हिशेब वापरला जातो. वैमानिक वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्क्यापर्यंत असेल, तर दोन वैमानिकांच्या विमानात ती सहन करता येते, असे तो सांगतो. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे एक टक्का याचा अर्थ ढोबळमानाने दहा लाख तासांत एकदा. उड्डाण आणि अवतरणाचा नाजूक काळ प्रवासाच्या साधारण दहाव्या भागाएवढा, म्हणून धोक्याच्या क्षणी हे घडण्याची शक्यता एक कोटी तासांत एकदा. आणि अशा शंभर प्रसंगांपैकी नव्याण्णव वेळा शेजारचा वैमानिक विमान सावरतो असे धरले, की अपघाताची शक्यता शंभर कोटी तासांत एकदा एवढी खाली येते. वयाबरोबर यातला पहिला आकडा चढत जातो आणि साठीनंतर तो अधिक वेगाने चढतो. कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती यामुळे.

या हिशेबातला सर्वांत मोठा आधार म्हणजे शेजारचा माणूस, हे लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, आम्ही याचा सराव करतो. प्रशिक्षक मागून हळूच कमांडरच्या खांद्यावर बोट टेकवतो आणि त्या क्षणापासून कमांडरने बेशुद्ध झाल्याचे नाटक करायचे असते. विमान धावपट्टीकडे उतरत असते. सहवैमानिक ठरलेली सूचना देतो, उत्तर येत नाही. तो पुन्हा देतो, पुन्हा शांतता. दोनदा उत्तर आले नाही की तिसऱ्यांदा विचारायचे नाही, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून साइडस्टिकवरचे, म्हणजे विमान वळवण्याच्या हातातल्या दांड्यावरचे, लाल बटण दाबून धरायचे आणि विमान हाती घ्यायचे. मग केबिन क्रूला बोलावून बेशुद्ध माणसाचे खांद्याचे पट्टे आवळायचे आणि त्याची खुर्ची मागे सरकवून घ्यायची, म्हणजे त्याचे शरीर कंट्रोल्सवर कोसळणार नाही. मी हे नाटक अनेकदा केले आहे. मान टाकून बसलेले असताना शेजारच्या पोराचा आवाज दुसऱ्या हाकेला किंचित बदललेला ऐकू येतो, तेव्हा आपण कोणाच्या भरवशावर उडतो ते नीट कळते. आयकाओने २००६ मध्ये मर्यादा वाढवताना साठीपुढच्या वैमानिकाच्या शेजारी साठीच्या आतलाच वैमानिक हवा अशी अट घातली होती, ती याच विचाराने. ती नोव्हेंबर २०१४ मध्ये काढली गेली. एकट्या वैमानिकाने चालवायच्या व्यावसायिक विमानांना मात्र आजही साठचीच मर्यादा आहे.

अशा चर्चेत लोक हडसन नदीवर विमान उतरवणाऱ्या सलेनबर्गर यांचे उदाहरण देतात. १५ जानेवारी २००९ रोजी ते सत्तावन्न वर्षांचे होते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्यू सिटी येथे विमान वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गमावलेले डीसी-१० विमान धावपट्टीपर्यंत आणून २९६ पैकी १८४ जणांचे प्राण वाचवणाऱ्या चमूचे कमांडर अल हेन्सही तेव्हा सत्तावन्नचेच होते. अनुभवाची किंमत या दोन्ही प्रसंगांतून दिसते, परंतु साठीपुढच्या कोणाविषयी त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. उलट बाजूने, २००९ मध्ये ब्रसेल्सहून अमेरिकेतल्या नेवार्कला निघालेल्या विमानाचे साठ वर्षांचे कमांडर अटलांटिकवर असताना मरण पावले, आणि उरलेल्या वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. तर ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी कोसळून मरण पावलेले वैमानिक अवघे चाळीस वर्षांचे होते. एकेका घटनेवरून नियम ठरवता येत नाही, हे म्हणताना मला त्या चाळिशीतल्या माणसाच्या घरच्यांची आठवण येते. अभ्यासाचे म्हणाल तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या ११८ खासगी वैमानिकांची तीन वर्षे सिम्युलेटरवर चाचणी घेतली होती. तीन वर्षांत वयस्क वैमानिकांच्या कामगिरीतली घट तरुणांपेक्षा कमी निघाली. म्हणजे कौशल्य पासष्टीला संपत नाही. धोका हृदयाचा आणि मेंदूचा, म्हणजे अचानक कोसळण्याचा आहे.

मला खरा अन्याय दिसतो तो दुसरीकडे. मी ज्या कंपनीत होतो तिने मला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केले आणि लगेच करारावर परत घेतले. विमान तेच, गणवेश तोच, खांद्यावरच्या कमांडरच्या चार पट्ट्या त्याच. परंतु ज्येष्ठतेच्या यादीतली माझी जागा गेली, दरवर्षी करार वाढेल की नाही याची टांगती तलवार आली, आणि ड्युटीच्या वेळापत्रकात इतरांना नको असलेल्या रात्री माझ्या वाट्याला येऊ लागल्या. सुरक्षेच्या दृष्टीने पासष्टपर्यंत चालणारा माणूस अठ्ठावन्नला म्हातारा कसा होतो, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या खटल्यात हाच धागा पकडला होता: कायदा पासष्टपर्यंत परवानगी देत असताना कंपनी व संघटनेच्या करारातली साठची मर्यादा हा वयावरून केलेला भेदभाव ठरतो. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये पासष्टची मर्यादा मात्र उचलून धरली, आणि ती प्रवासी किंवा माल नसलेल्या उड्डाणांना व प्रशिक्षणाच्या कामाला लागू होत नाही असेही स्पष्ट केले. हे दोन्ही निकाल मला पटतात.

मर्यादा सदुसष्टवर न्यावी अशी मागणीही होते आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने ती मंजूर केली होती, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ती आली नाही. एका देशाने एकट्याने मर्यादा वाढवली तर आंतरराष्ट्रीय मार्गांवर आयकाओचा नियम आडवा येतो, आणि मोठ्या विमानांचे कमांडर देशांतर्गत मार्गांवर परतून खालच्यांची बढती अडवतात, म्हणून तरुण वैमानिकही तिच्या बाजूने नसतात. जपानने २०१५ मध्ये देशापुरती सदुसष्टपर्यंत मुभा दिलेली आहे. तेथील वैमानिकांच्या आरोग्याच्या नोंदी पुढे ठेवून कोणी मला पटवून दिले तर मी माझे मत बदलेन. वैमानिक कमी पडतात, एवढ्या कारणावर बदलणार नाही.

आपल्या वडिलांना एक गोष्ट जरूर सांगा. वाढदिवसाला परवाना रद्द होत नाही, पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेण्याची मुभा तेवढी संपते. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मधले कराची ते जुहू हे पहिले टपाल उड्डाण १९८२ मध्ये लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आपल्या वडिलांना सिम्युलेटरवर शिकवण्याची इच्छा असेल, तर प्रशिक्षकपदासाठीची खटपट आतापासून, विमानावरचे रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, चालू असतानाच करावी. मी ती निवृत्तीनंतर सुरू केली आणि माझे जवळजवळ वर्ष कागदपत्रांत गेले.