टॉवरमध्ये बसायला एमबीए लागतं का?

"ग्रॅज्युएशन झालंय, एव्हिएशनमध्ये जायचंय. आता मास्टर्स करू का?" निकाल लागले की हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो, आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत कुठल्यातरी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रकही येतं.

अनिकेत (नाव बदललंय) परभणीकडचा. बी.एस्सी. फर्स्ट क्लास, वय २३. वडील महावितरणमध्ये, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. सोबत पुण्यातले मामा. 'एमबीए इन एव्हिएशन मॅनेजमेंट'चं पत्रक मामांनीच शोधून आणलं होतं. दोन वर्षं, साडेआठ लाख फी, हॉस्टेल वेगळं, वर कॉकपिटचा मोठा फोटो. मॅनेजमेंटच्या कोर्सवर कॉकपिट कशासाठी छापतात, देव जाणे.

"मॅडम, नुसत्या बी.एस्सी.ला आज कोण विचारतं? आणि शिक्षण काही वाया जात नाही," मामा म्हणाले. अनिकेत मान खाली घालून बसलेला. शेवटी वडीलच बोलले, "लेकराला काय पाहिजे ते तर विचारा की."

मी विचारलं. तो म्हणाला, "एटीसी. टॉवरमध्ये." मामांना हे नवीनच होतं.

म्हणजे प्रश्न मास्टर्सचा नव्हताच. एटीसी म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, टॉवरमधून विमानांना उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या सूचना देण्याचं काम. आपल्याकडे नागरी विमानतळांवरचे हे कंट्रोलर एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया ही सरकारी संस्था नेमते. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, पण टॉवरमधली माणसं अथॉरिटीचीच. (पुणे हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे तिथे टॉवर त्यांच्याकडे. हे बऱ्याच पुणेकरांनाही ठाऊक नसतं.) कंट्रोलरची भरती 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह' या पदावर होते आणि त्या जाहिरातीत पात्रता स्पष्ट लिहिलेली असते: फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन तीन वर्षांची पूर्णवेळ बी.एस्सी., किंवा इंजिनिअरिंगची पदवी, ज्यात एखाद्या सेमिस्टरला हे दोन्ही विषय असावेत. 'आणि' लिहिलेलं असतं, 'किंवा' नव्हे, म्हणून मी अनिकेतची फाईल उघडून सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट टेबलावर ओळीने मांडायला लावल्या. फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स, तिन्ही विषय शेवटपर्यंत होते.

खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २७. निवड ऑनलाइन परीक्षेच्या गुणांवर होते. नंतर कागदपत्रं, व्हॉइस टेस्ट, मानसिक चाचणी, मेडिकल. एमबीएला त्यात एकही जादा गुण नाही. जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही आणि आली तरी जागा कमी-जास्त होतात: २०२३ मध्ये ४९६ होत्या, २०२५ मध्ये ३०९. एमबीए करून अनिकेत पंचविशीला बाहेर पडला असता, म्हणजे हातात उरली असती दोन वर्षं आणि डोक्यावर कर्ज.

मामांना मी एक काम दिलं. कॉलेजला फोन करा आणि मागच्या बॅचची मुलं कुठल्या पदावर, किती पगारावर लागली ते लेखी मागा. लेखी काही आलं नाही; तोंडी उत्तर आलं ते चेक-इन काउंटर आणि ग्राहक सेवा. या नोकऱ्या साध्या पदवीधरालाही मिळतात.

तरी मामांची खरी धास्ती वेगळीच होती. "एटीसी नाही लागलं तर?" हा प्रश्न रास्तच. पण माझं मत असं, की आधाराला जे शिक्षण घ्यायचं ते विमान क्षेत्राबाहेरही चाललं पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. अशा वेळी हजारो माणसं एकदम नोकरी शोधायला निघतात. ज्याला हिशेब, डेटा किंवा इंजिनिअरिंग येतं त्याला दुसरीकडे वळता येतं. ज्याच्या पदवीवर फक्त 'एव्हिएशन' लिहिलंय त्याची पंचाईत होते.

मास्टर्स कधीच करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. विमानाच्या डिझाइनमध्ये किंवा संशोधनात जायचं असेल तर एरोस्पेसमधलं एम.टेक. हवंच, आणि त्यासाठीची गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंडही मिळतो. विमान कंपनीत पाच-सहा वर्षं काढून वरच्या पदासाठी एमबीए केलेले लोकही मी पाहिलेत. त्यांना ते फळलं, कारण काय शिकायचंय हे त्यांना आधी कळलेलं होतं. पायलट व्हायचं तर फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, मेडिकल आणि २०० तासांचं फ्लाइंग. मेंटेनन्स इंजिनिअरला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स. तिथे एम.ए., एम.बी.ए. कुणी बघत नाही.

अनिकेतला मी आधी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगांची तपासणी. कंट्रोलरच्या मेडिकलमध्ये रंग ओळखता आले नाहीत तर पुढची सगळी तयारी फुकट, आणि ही तपासणी काही शे रुपयांत होते. ती नीट निघाली. दुसरी, व्हॉइस टेस्टसाठी रोज इंग्रजी पेपर मोठ्याने वाचणं. माझ्यासमोर त्याने एक परिच्छेद वाचला: भरभर, शब्दांचे शेवट गिळत. वैमानिकांशी रेडिओवर बोलताना 'थ्री'ला 'ट्री' आणि 'नाइन'ला 'नाइनर' म्हणतात, ते ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला, आणि तोच परिच्छेद पुन्हा सावकाश वाचला.

पहिल्या परीक्षेत तो थोडक्यात मागे पडला. सध्या परभणीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, अभ्यास चालू आहे. मध्यंतरी फोन आला, "मॅडम, इथल्याच कॉलेजात एम.एस्सी. करू का? फी वर्षाला काही हजारच आहे." कर म्हटलं. फक्त सेमिस्टरचा पेपर आणि एटीसीची परीक्षा एकाच दिवशी आली तर कुठला पेपर सोडायचा, ते आजच वडिलांसमोर बसून ठरव. मामांनाही फोनवर घे.